मास्तरांचं दगडी कणीस

सुरतेच्या बमरोलीत आम्हाला रूम मिळाली ती एका दगडामुळे. त्याआधी चार रूममालकांनी आमची आधार कार्डं पाहिली, गाव विचारलं, पाहुणे किती येतात ते विचारलं आणि हात जोडले. पाचव्याने यातलं काहीच विचारलं नाही. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी सदऱ्याच्या खिशातून बोटभर लांबीचा एक काळपट, तुळतुळीत दगड काढला आणि माझ्या नवऱ्याच्या तळहातावर ठेवला.

"हे काय हाय, सांगा."

माझा नवरा लूमवरचा माणूस. आठ मशिनींवर एकदम नजर ठेवतो, पण समोरच्याने असा प्रश्न टाकला की त्याची वाचा बसते. "दगड," तो कसाबसा म्हणाला. मालकांचा चेहरा पडला. मग दगड माझ्याकडे आला. मी नंदुरबारकडची, लग्नाला जेमतेम महिना झालेला, एका हाताने पदर धरून दुसऱ्या हाताने मी तो घेतला. त्याच्या अंगावर खवले होते, एकावर एक, तिरक्या ओळींत, लांबट सीताफळाला असतात तसे. मला काय वाटलं कोण जाणे, मी तो कानाशी नेला आणि हलवला. आमच्याकडे भुईमुगाची शेंग वाळली की नाही ते असंच बघतात.

"अवो, काय करून रायली?" मालक ओरडले.

"बिया वाजतात का बघते."

खाट करकरली. मालक उभेच राहिले. आत कोणालातरी हाक मारून म्हणाले, "अवो, आयकलं काय? तीस वर्सं झाले, तीस वर्सं मी लोकायले हे दाखवून रायलो. कोनी म्हने दगड, कोनी म्हने देव, एकानं त अननसाचं पिल्लू म्हटलं. बियांचं नाव या पोरीनं काढलं!" मग माझ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "सात नंबरची रूम तुमची. हिच्यामुळे बरं का. तुमच्यामुळे नाई."

माझ्या नवऱ्याला हे अजून लागलेलं आहे. "दगड ते दगडच शे," असं तो आजही जेवता जेवता मध्येच म्हणतो. मी वाढायचं काम करते.

मालकांना सगळी सोसायटी मास्तर म्हणायची. शाळेशी त्यांचा काही संबंध नव्हता. पलसाण्याच्या एका डाईंग मिलमध्ये ते कलर मास्तर होते. व्यापाऱ्याने चिंधी आणून दाखवली की तोच रंग शंभर साड्यांवर उतरवून द्यायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाले तरी डोळा निवृत्त झाला नव्हता. माणसाकडे पाहायचे तेही रंगाच्याच हिशेबाने. "आज तुहा नवरा दोन शेड उतरला, ताप हाय काय त्याले?" असं विचारायचे, आणि संध्याकाळी खरोखरच ताप चढलेला असायचा. मंगलताई नवी साडी नेसून निघाल्या की ते लांबूनच सांगायचे, "हा लाल नाई वो, हा लाल होता होता रायला." मंगलताई म्हणजे आमच्या शेजारच्या, परभणीकडच्या. त्या साडी बदलून यायच्या.

मास्तर मूळचे वर्ध्याकडचे. तरुणपणी गावाजवळच्या टेकाडावर कॉलेजातले एक सर दगड शोधायला यायचे, त्यांची पिशवी उचलायला हे जायचे. पिशवीत भरलेला प्रत्येक दगड काय आहे ते सर यांना समजावून सांगत. त्यातलं मास्तरांनी किती पचवलं आणि किती स्वतःचं घातलं ते सांगणं कठीण, पण सांगायचे असे की हातातलं काम थांबायचं.

"पहिले लाव्हा वायला. मग थंडा झाला. मधात तळं झालं. तळ्याच्या काठी देवदाराच्या नात्यातलं एक झाड होतं. त्याचं कणीस पान्यात पडलं. वरून पुन्हा लाव्हा! मंग कनसाचा हळूहळू दगड झाला. घाई नाई. ते झाड कोनत्या घाईत होतं? बाजूले डायनासोर फिरून रायले होते, तरी त्यानं घाई नाई केली."

हे ऐकायला आम्ही आठ-दहा बायका असायचो. दुपारी मास्तरांच्या ओट्यापुढे सावली पडायची, तिथे आमचं साडीवर टिकल्या लावायचं काम चाले. साडीवर छापलेली नक्षी असते, तिच्या प्रत्येक पाकळीत गमचा थेंब द्यायचा आणि मेण लावलेल्या काडीने चमचमती टिकली उचलून बसवायची. एका साडीला शेकडो. हात चालू असायचे, कान मास्तरांना दिलेले.

"या घरान्यात फूल नाई, फळ नाई," मास्तर सांगायचे. "बी उघडी. खवल्याच्या मांडीवर उघडीच बसते."

"अगं बाई," मंगलताई म्हणायच्या, "थंडी वाजत नसंल का तिला?"

मास्तर यावर दोन दिवस विचार करायचे आणि तिसऱ्या दिवशी उत्तर घेऊन यायचे, "नाई वाजत. खवले मिटते."

फुलांशी त्यांचं कायमचं वाकडं होतं. "फूल हे लय मागाहूनचं फॅड हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. लग्नात कोणी हार घालायला आलं की मास्तर मान मागे घेत. भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी हारवाल्याला अर्धा तास समजावलं की तुझा धंदा या पृथ्वीवर नवा आहे, टिकेल की नाही सांगता येत नाही. हारवाला बिचारा "हाँ चाचा, हाँ चाचा" करत राहिला. शेवटी काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, त्यांना दंडाला धरून आणलं. काकू शांत होत्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने खिशातला दगड दाखवून "हे काय हाय?" असं त्यांनाही विचारलं होतं. "मी म्हटलं, माही सवत. तवापासून मले नाई दाखवत," त्या सांगायच्या.

एकदा मास्तर आम्हा सगळ्यांना टेम्पोत बसवून डुमसला घेऊन गेले. लोक तिथे समुद्र बघायला आणि टोमॅटोची भजी खायला जातात. मास्तर गेले ते सुरूच्या झाडांवर तोंडसुख घ्यायला. किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत, आणि त्यांच्या खाली बोराएवढी, खडबडीत, थेट मास्तरांच्या कणसासारखी दिसणारी फळं पडतात. मी हरखून ओंजळभर वेचली आणि त्यांच्यापुढे धरली.

"टाक ते! लबाड झाड हाय हे," मास्तर कडाडले. "हे फुलवाल्या घरान्यातलं. सोंग घेते कनसाचं. सरनं मले सांगलं होतं, सुरूच्या नादी लागू नको, लय जन फसले." मग त्यांनी त्या झाडाला बोट दाखवून जे सुनावलं ते ऐकायला भजीवाला कढई सोडून आला. मी मात्र चार फळं गुपचूप पदरात बांधून आणली.

मास्तर दर शनिवारी कणसाची सेवा करत. आंघोळ झाली की ओट्यावर बसायचं, वाटीत खोबरेल तेल घ्यायचं आणि बोटाने एकेका खवल्याला चोळायचं. दगडाला चिरा पडू नयेत म्हणून. तीस वर्षांत एक शनिवार चुकला नाही. त्याला पाणी लावायला बंदी, साबण तर दूरच. म्हणूनच तर ते इतकं काळं आणि तुळतुळीत होतं.

आम्हाला तिथे तीन वर्षं झाली आणि मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. रंग कळेनात. पोपटी आणि पिवळा यांत घोटाळा झाला त्या दिवशी ते जेवले नाहीत. डॉक्टरने ऑपरेशनची तारीख दिली, आणि एका दुपारी बाकी बायका उठून गेल्यावर मास्तरांनी मला थांबवून घेतलं.

"पोरी, मी एक ठरवलं. नवा डोळा येईन, तवा त्यानं पहिले बी पायली पायजे. भेस्तानले ग्रॅनाइट कापनारा एक हाय, त्याच्यापाशी बारीक ब्लेड हाय. पुढच्या रयवारी कनीस कापतो. मधोमध."

"कापल्यावर ते राहील का, मास्तर?"

"नाई रायनार. दोन फाका होतीन. पन सर म्हनत, कापल्याबिगर सिद्ध होत नाई. बी दिसली त कनीस. नाई दिसली त बरा दिसनारा गोटा." थोडा वेळ ते हातातल्या दगडावर बोट फिरवत राहिले. "अन् नसली त? तीस वर्सं मी लोकायले खोटं सांगलं."

मग त्यांनी ते सांगितलं जे काकूंनाही ठाऊक नव्हतं. कणीस त्यांना सरांनी दिलेलं नव्हतं. टेकाडावर ते यांच्याच कुदळीखाली निघालं. यांनी पाहिलं आणि हात आपोआप खिशाकडे गेला. इतकं सुंदर काही आजवर त्यांच्या हाती आलेलं नव्हतं. सर दिवसभर तिथेच शोधत होते. मातीत खवल्याचा ठसा सापडला होता, म्हणजे कणीस आसपासच असणार असं म्हणत होते. आणि ते पिशवीवाल्याच्या खिशात होतं. दुसऱ्या दिवशी सरांना तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून यांनी गाव सोडलं ते थेट सुरतेला आले. लोक सुरतेला पोट भरायला येतात, मास्तर कणीस लपवायला आले.

"सरचा नंबर हाय माह्याजवळ. गावच्या एकानं देला. दर दिवाळीले लावतो अन् घंटी वाजायच्या आत कापतो," मास्तर म्हणाले. मला रडू आलं, आणि ते लपवायला मी उगाच टिकल्यांचा डबा आवरू लागले.

ऑपरेशननंतर चार दिवस ते काकूंसह उधन्याला भाच्याकडे राहणार होते. दवाखान्यात खिसे रिकामे करायला लावतात, म्हणून कणीस माझ्याकडे आलं. जाताना मास्तरांनी तीनदा मागे वळून पाहिलं. माझ्या घरात सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे टिकल्यांचा पत्र्याचा डबा. त्याला घट्ट झाकण आहे आणि नवरा त्याला हात लावत नाही. मी कणीस त्यात ठेवलं.

आता पुढे जे झालं ते आमच्यासारख्या बायकांच्याच हातून होऊ शकतं. तिसऱ्या दिवशी साड्यांचा लॉट लवकर संपला. टिकल्या उरल्या, गम उरला, दुपार उरली. मी पाणी भरायला गेले आणि मंगलताईंनी उरलेल्या टिकल्या परत ठेवायला डबा उघडला. आमची नजर वर्षानुवर्षं एकच काम करत आलेली असते. नक्षी दिसली की तिच्यातली रिकामी जागा दिसते, आणि रिकामी जागा दिसली की हात काडीकडे जातो. कणसावर तर खवल्याशेजारी खवला, एकसारखे, मधोमध छानसा उंचवटा. गम तेलकटावर धरत नाही, म्हणून मंगलताईंनी गम पुसायचं थिनर घेतलं, जुना टूथब्रश घेतला आणि आधी ते घासघासून धुतलं. मग लावायला बसल्या.

मी हंडा घेऊन आले तेव्हा अर्धं कणीस चमकत होतं. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "ताई, ही ओळ चुकली."

खरंच चुकली होती. खवल्यांच्या ओळी दोन्हीकडून तिरक्या जात होत्या आणि ताईंनी हिरवी टिकली भलत्याच ओळीत नेली होती. मी हंडा ठेवला, बसले, आणि आम्ही दोघींनी मिळून ती ओळ उकलली. एका बाजूने चढणाऱ्या आठ ओळी, त्यांत ओळीआड हिरव्या टिकल्या. उलट बाजूने चढणाऱ्या पाच, त्यांत जिथे जागा उरेल तिथे लाल. इतकी शिस्तशीर नक्षी कुठल्या छापखान्याच्या साडीवर मी पाहिलेली नाही. मी इतकी रंगले की हे काय चाललंय हेच विसरले. आठवलं तेव्हा एकच जागा उरली होती, देठाजवळचा एक तुटका खवला.

"हितं बसंना," मंगलताई म्हणाल्या. तीनदा टिकली टेकवली, तीनदा घसरली. त्यांनी कणीस उजेडात धरलं आणि डोळे बारीक केले. "आगं, हितं आधीच कुनीतरी दोन लावल्यात."

मी पाहिलं. तुटक्या खवल्याच्या खळग्यात दोन चपटे, तिळाएवढे थेंब होते, शेजारी शेजारी, जुळ्यांसारखे. पण मास्तरांवाचून ते काय आहे हे म्हणायची माझी छाती नव्हती. संध्याकाळी कणीस पाहून नवरा ओरडला. "येडी व्हई गई का तू? रूम जाई आते!"

शुक्रवारी मास्तर काळा चष्मा लावून रिक्षातून उतरले. सगळी सोसायटी दारात होती. तेवढ्यावरून काहीतरी घडलंय हे त्यांनी ओळखलं. मी कणीस दोन्ही हातांनी पुढे केलं. उन्हात ते असं चमचमलं की समोरच्या गल्लीतली पोरं धावत आली. मास्तरांनी चष्मा काढला. डॉक्टरने काढायचा नाही म्हणून सांगितलं होतं.

"याची शेड कोनं बदलवली?" ते म्हणाले.

लाल-हिरव्या टिकल्या त्यांना दिसल्याच नव्हत्या असं नाही. पण कलर मास्तरच तो. टिकल्यांच्या मधून दिसणारा दगड काळा राहिला नव्हता, मधाच्या रंगाचा झाला होता. तीस वर्षांचं तेल आणि धूळ मंगलताईंच्या टूथब्रशने काढून टाकली होती. मास्तर आता काय बोलतील या भीतीने मी घाईघाईने म्हटलं, "मास्तर, माफ करा, पण या खळग्यात टिकली बसत नाही. का ते तुम्ही बघा."

चार नंबरच्या रूममध्ये एक हिऱ्याच्या कारखान्यातला कारागीर राहायचा. त्याने आपलं भिंग आणून दिलं. मास्तरांनी ओट्यावर चढून ते नव्या डोळ्याला लावलं. मग त्यांनी भिंग काढलं, सदऱ्याला पुसलं, पुन्हा लावलं.

"दोन हाय," ते हळूच म्हणाले. मग मोठ्याने, "दोन हाय वो! खवल्याच्या मांडीवर! उघड्या! जशा सरनं सांगल्या तशा!" आणि पासष्टीच्या त्या माणसाने, चारच दिवसांपूर्वी डोळा कापून घेतलेल्या, ओट्यावरून खाली उडी मारली. काकू किंचाळल्या. मास्तर मंगलताईंच्या पाया पडायला धावले, मंगलताई "आवं मास्तर, आवं मास्तर" करत माझ्या मागे लपल्या, आणि दोघे माझ्याभोवती गोल गोल फिरले. शेवटी ते धापा टाकत पायरीवर बसले. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि नव्या डोळ्याला पाणी चालत नाही म्हणून काकू एकीकडून ते टिपत राहिल्या.

"मीच कोंबलं वो तेल तिच्या तोंडात," मास्तर म्हणाले. "बी मले तीस वर्सं दिसाले तयार होती. मीच दर शनवारी तिच्यावर लेप देल्ला."

रविवारी भेस्तानला कोणी गेलं नाही. मास्तरांनी त्या शुक्रवारीच संध्याकाळी नंबर लावला, घंटी वाजू दिली आणि व्हिडिओ सुरू करून फोन माझ्या हातात धरायला दिला. पडद्यावर पांढऱ्या भुवयांचा एक म्हातारा चेहरा आला.

"कोण बोलतंय?"

"सर, मी. तुमची पिशवी उचलनारा." मास्तर शाळकरी पोरासारखे ताठ उभे होते. "सर, कनीस माह्या खिशात होतं."

पलीकडे सर हसायला लागले. "अरे, तुझा खिसा फुगलेला मी पाहिला होता."

"मग बोलले काऊन नाई?"

"दिवसभर वाट पाहिली. म्हटलं, आपणहून देईल. दुसऱ्या दिवशी तू आलाच नाहीस." म्हाताऱ्याने चष्मा सारखा केला. "कणसाचं फार वाटलं नाही रे. तू गेलास त्याचं वाटलं. तुझा डोळा चांगला होता."

काकूंनी मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. मी कणीस फोनपुढे धरलं, नाहीतर आम्ही सगळेच रडलो असतो.

"त्यावर ते चमकतंय काय?" सरांनी विचारलं.

"बायांनी टिकल्या लावल्या, सर," मास्तर एकदम अपराध्यासारखे म्हणाले.

"थांब, थांब, हलवू नको. ओळी किती आहेत?"

"यकीकडनं आठ, दुसरीकडनं पाच," माझ्या मागून मंगलताई ओरडल्या.

"अगदी बरोबर!" सर म्हणाले. "खऱ्या कणसाच्या ओळी अशाच चढतात. पोरांना हे मोजायला शिकवताना माझी हयात गेली." यानंतर महिनाभर मंगलताई नळावर कोणालाही आपल्यापुढे नंबर लावू देत नव्हत्या.

त्या हिवाळ्यात मास्तर आणि काकू सुरत-भुसावळच्या ताप्ती लाइनच्या गाडीने कणीस घेऊन गेले आणि ते सरांच्या कॉलेजात देऊन आले. पुढे आम्ही भेस्तानला स्वतःच्या रूममध्ये राहायला गेलो. मास्तर नव्या भाडेकरूंपुढे आता काय ठेवतात? डुमसहून मी पदरात बांधून आणलेल्या त्या चार लबाड फळांतलं एक, मीच त्यांना दिलेलं. जो त्याला कणीस म्हणेल त्याला रूम नाही. गेल्या दिवाळीत फराळ घेऊन गेले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "मास्तर, खिसा हलका झाला, करमत नसेल." ते म्हणाले, "तीस वर्सं जड होता वो, आता मस्त वाटते."

कॉलेजला जायच्या आधी मंगलताईंनी थिनरने सगळ्या टिकल्या काढल्या होत्या. एक हिरवी मात्र मास्तरांनी काढू दिली नाही, तुटक्या खवल्याच्या बरोबर वरची. काही दिवसांनी कॉलेजातून एका बाईंचा फोन आला. कणीस त्यांनी काचेच्या कपाटात मांडलं होतं, खाली चिठ्ठी लिहायची होती. वय लिहिलं, झाडाचं घराणं लिहिलं, सापडलं ते टेकाड लिहिलं, ज्याला सापडलं त्याचं नावही लिहिलं. "पण देठापाशी काहीतरी हिरवं चमकतं," बाई म्हणाल्या, "ते कुठल्या काळातलं आहे, समजत नाही."

"ते राहू द्या," मास्तर म्हणाले. "ते बमरोलीचं हाय."